तळ्याकाठची शाळा आणि दुकानामागची खोली

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती वस्तीतला हा मुलगा. पणजोबा महार, मिशनच्या काळात मंडळीत आलेले. बी.ए. झाला आहे, एका विनाअनुदानित शाळेत तुटपुंज्या पगारावर शिकवतो आणि रविवारी शब्बाथ शाळेत मुलांना गोष्टी सांगतो. त्याच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती महाविद्यालयाची जाहिरात होती. घरबसल्या, ऑनलाइन शिक्षण. विषय तीन : ख्रिस्ती शिक्षण, अध्यापन आणि मैदानी नेतृत्व. "सर, घेऊ का हे?" एवढाच त्याचा प्रश्न होता.

ख्रिस्ती शिक्षण आणि अध्यापन एकत्र येणे समजू शकते. परंतु मैदानी नेतृत्व, म्हणजे पोरांना घेऊन डोंगर चढणे, होडी वल्हवणे, रानात तंबू ठोकणे, हे त्यांच्या पंगतीला कसे आले? आणि तेही पडद्यावर? आमच्या आयांनी सरपणाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन आयुष्यभर डोंगर उतरले, त्याचे श्रेयांक कोणत्या विद्यापीठाने मोजले? मी हसलो. पण तो गेल्यावर विचार करू लागलो. हे तीन विषय कुणा व्यापाऱ्याने उगीच एका गाठोड्यात बांधलेले नाहीत. त्यांचा जन्म एकाच ठिकाणी, एका तळ्याच्या काठावर झाला आहे. हा इतिहास आपल्यासारख्या, शाळेच्या दाराबाहेर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिलेल्या माणसांनी आपल्या नजरेने वाचला पाहिजे.

रविवारची शाळा ही मुळात धर्माची नव्हे, अक्षराची शाळा होती. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर गावी १७८० साली रॉबर्ट रेक्स याने ती चालवली ती कामकरी मुलांसाठी. सहा दिवस ही मुले कामाला जुंपलेली. मोकळा दिवस एकच, म्हणून शाळा रविवारी. पुस्तक बायबलचे असले तरी मुलांच्या हाती पडत होते ते वाचन. (आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळायला १८९० साल उजाडावे लागले आणि ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवली, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही.) ही शाळा अमेरिकेत गेली, फोफावली आणि लवकरच एक अडचण उभी राहिली. शाळा हजारो, पण शिकवणारे कोण? कुणी दुकानदार, कुणी शेतकऱ्याची बायको. भक्ती होती, तयारी नव्हती.

ह्या अडचणीतून १८७४ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या शटॉक्वा तळ्याच्या काठी रविवारच्या शाळांच्या शिक्षकांचे पंधरवड्याचे शिबिर भरले. ते भरवणारे दोघे होते. लुइस मिलर हा ओहायोतला शेतीयंत्रांचा कारखानदार, आणि जॉन विन्सेंट हा मेथडिस्ट धर्मोपदेशक. जागा पूर्वी मेथडिस्टांच्या तंबूतल्या भक्तिमेळाव्यांची होती. तंबू, झाडे, पाणी, उघड्यावरची व्याख्याने आणि शेवटी चक्क परीक्षा! तळ्याच्या काठावर मातीचे डोंगर-दऱ्या रचून पॅलेस्टाइनचा मोठा नकाशाच जमिनीवर उभा केला होता, आणि तळे हाच भूमध्य समुद्र. शिक्षकाने पुस्तकातले यरुशलेम पायांनी चालून पाहावे आणि गावी जाऊन मुलांना सांगावे. ख्रिस्ती शिक्षण, अध्यापनाचे प्रशिक्षण आणि रानातला मुक्काम एका दोरीत गुंफले गेले ते इथे. पुढे १८८५ पासून वाय.एम.सी.ए.ने मुलांची उन्हाळी शिबिरे सुरू केली. १९४१ मध्ये कुर्त हान या जर्मनीतून परागंदा झालेल्या शिक्षकाने वेल्सच्या किनाऱ्यावर तरुण खलाशांना संकटात तगून राहण्याचे धडे देणारी शाळा काढली. ह्या धाग्यांतून 'मैदानी नेतृत्व' हा विषय वाढला आणि महाविद्यालयांत शिरला. ती हकिगत लांबवत नाही.

मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो विन्सेंट. हा माणूस स्वतः महाविद्यालयात गेला नव्हता आणि ते शल्य त्याला जन्मभर होते. पहिल्या पिढीच्या पदवीधराला हे शल्य समजावून सांगावे लागत नाही. पंधरवडा संपला की माणसे घरी जातात, मग शिक्षण थांबायचे का? १८७८ साली त्याने घरी वाचन करण्याचा चार वर्षांचा अभ्यासक्रम काढला. ठरावीक पुस्तके, रोज थोडा वेळ वाचन, गावात चार-सहा जणांचे मंडळ, टपालाने प्रश्नपत्रिका. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून अधिक माणसांनी नावे घातली. त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या, कारण त्यांना महाविद्यालयाची दारे जवळजवळ बंदच होती. १८८२ साली पहिली तुकडी उत्तीर्ण झाली तेव्हा त्यांना झाडीतल्या मंडपात समारंभाने प्रमाणपत्रे देण्यात आली.

विल्यम हार्पर हा हिब्रू भाषेचा तरुण अध्यापक टपालाने हिब्रू शिकवत असे. तो शटॉक्वात आला, तिथले तंत्र त्याने आत्मसात केले आणि १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठ उघडले तेव्हा त्याचा पहिला अध्यक्ष म्हणून त्याने पत्रद्वारा शिक्षणाचा विभाग विद्यापीठातच बसवला. १९०१ साली शिकागोच्याच मूडी बायबल इन्स्टिट्यूटने पत्रद्वारा बायबल शिकवायला सुरुवात केली. आज ज्याला आपण ऑनलाइन शिक्षण म्हणतो त्याचे पूर्वज हे आहेत. टपालाची पिशवी जाऊन तार आली, तार जाऊन लहर आली, इतकेच. दूर बसलेल्या माणसाला शिकण्याचा अधिकार आहे हा विचार त्या तळ्याकाठी प्रथम इतक्या मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आणि त्याचे श्रेय विन्सेंटला द्यायला मला संकोच वाटत नाही.

परंतु 'दूर' म्हणजे कोण? विन्सेंटच्या नकाशावर दूर होती ती खेड्यातली शिक्षिका, शेतकरी, दुकानदार. हे अंतर मैलांचे होते. त्याच देशात दुसरेही एक अंतर होते, ते मैलांत मोजता येत नव्हते. दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला अक्षर शिकवणे हा गुन्हा होता. साउथ कॅरोलिनाने १७४० मध्येच गुलामाला लिहायला शिकवण्यावर बंदी घातली होती, जॉर्जियाने १८२९ मध्ये आणि व्हर्जिनियाने १८३१ मध्ये कायदे केले. शंबुकाचा वध करणारी व्यवस्था फक्त शरयूच्या काठी नसते. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली. शटॉक्वा त्यानंतर नऊच वर्षांनी भरले. त्या झाडीत फिस्क विद्यापीठाचे काळे गायक येऊन गायले, लोकांनी डोळे पुसले. मात्र व्याख्याने ऐकायला आणि घरी पुस्तके वाचायला जो समाज जमला तो बहुतांशी गोरा, प्रॉटेस्टंट, खाऊनपिऊन सुखी होता. काळ्याचे गाणे चालते, हे काही तिकडचेच वैशिष्ट्य नव्हे. आमची हलगी आणि तमाशाही चालत होताच.

इथे आपल्याकडचा एक दुवा सांगितला पाहिजे. १८७३ साली, शटॉक्वाच्या आदल्या वर्षी, जोतीरावांनी 'गुलामगिरी' छापली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. अमेरिकन माणसांची ओळख जोतीरावांना पुस्तकातून झाली तशी प्रत्यक्षही झाली होती. नगरला, आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनची सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवत होती. ती शाळा पाहून जोतीराव भारावले आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे तिथे घेतले. मिशनच्याच 'ज्ञानोदया'त १८५५ साली मुक्ता साळवे या मांगाच्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी लिहिले. हे ऋण नाकारण्यात अर्थ नाही.

पण ऋण मान्य करताना हिशेबही पुरा मांडावा. हे मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे होते त्या बोर्डाची गुलामगिरीविषयीची भूमिका गुळमुळीत होती. चेरोकी आणि चॉक्टॉ लोकांमधल्या आपल्या मंडळ्यांत गुलाममालकांना सभासद म्हणून ठेवायला बोर्डाची हरकत नव्हती. ह्या गुळमुळीतपणाला कंटाळून गुलामगिरीविरोधकांनी १८४६ साली अमेरिकन मिशनरी असोसिएशन ही वेगळी संस्था काढली. काळ्यांचे फिस्क विद्यापीठ उभारण्यात हीच संस्था होती. म्हणजे नगरला महार-मांगांच्या मुलांना अक्षर देणारे बोर्ड आणि स्वतःच्या देशात मालकासमोर जीभ चावणारे बोर्ड एकच होते. दूरच्याला हात देणे सोपे असते, अंगणातल्या अन्यायाशी भिडणे अवघड असते. आपल्याकडच्या सुधारकांची चरित्रे वाचणाऱ्यांना हे नवीन वाटू नये.

आता टेनेसी राज्यात जाऊ. तिथल्या कंबरलँड पठारावर मॉन्टीगल गावी १८८२ साली शटॉक्वाच्या धर्तीवर शब्बाथ शाळांच्या शिक्षकांचे उन्हाळी केंद्र स्थापन झाले. थंड हवा, झाडी, व्याख्याने. अशी केंद्रे पुढे गावोगाव निघाली. ह्याच मॉन्टीगलजवळ, अगदी थोड्या अंतरावर, १९३२ मध्ये माइल्स हॉर्टन आणि डॉन वेस्ट यांनी एक वेगळीच शाळा उघडली : हायलँडर लोकशाळा. हॉर्टन हाही ख्रिस्ती शिक्षणातूनच आलेला. विद्यार्थी असताना त्याने प्रेस्बिटेरियन मंडळीसाठी डोंगरातल्या मुलांचे बायबल-वर्ग चालवले होते, नंतर न्यूयॉर्कला धर्मशास्त्र शिकला आणि डेन्मार्कच्या लोकशाळा पाहून आला. त्याच्या शाळेत पदवी नव्हती, परीक्षा नव्हती. खाणकामगार, गिरणीकामगार येत, गोल बसत आणि आपलीच अडचण आपणच सोडवायला शिकत. दक्षिणेत काळ्या-गोऱ्यांनी एका टेबलाशी जेवणे हा गुन्हा समजला जाण्याच्या काळात तिथे एकत्र जेवण होई. १९५५ च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तिथल्या शिबिरात दोन आठवडे राहून गेल्या. त्याच वर्षी १ डिसेंबरला त्यांनी माँटगोमेरीच्या बसमधली जागा सोडायला नकार दिला.

आणि सेप्टिमा क्लार्क. चार्ल्सटनची ही काळी शिक्षिका. तरुणपणी शहरातल्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना घेत नसत म्हणून १९१६ साली ती जॉन्स बेटावर शिकवायला गेली. दिवसा मुले, रात्री मोठी माणसे. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर, १९५६ मध्ये, काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे सभासदत्व सोडायला तिने नकार दिला म्हणून तिची नोकरी गेली, निवृत्तिवेतनही गेले. हायलँडरने तिला बोलावून घेतले.

जॉन्स बेटावर एसॉ जेन्किन्स नावाचा माणूस बस चालवत असे. बेटावरच्या मजुरांना तो रोज शहरात नेई. मतदार म्हणून नाव नोंदवायला साउथ कॅरोलिनात संविधानाचा उतारा वाचून दाखवावा लागे. ज्याला शंभर वर्षे वाचू दिले नाही त्याला विचारायचे, वाच! जेन्किन्स बसमध्येच प्रवाशांना तो उतारा समजावू लागला. पण पाठांतराने काम भागेना. लोकांना खरोखर वाचायचे होते. तेव्हा त्यांनी सहकारी तत्त्वावर एक इमारत घेतली. पुढे किराणा दुकान, मागे वर्ग. दुकान पुढे ठेवले ते गोऱ्यांना संशय येऊ नये म्हणून.

शिकवायला कोण? सेप्टिमा क्लार्क आणि हॉर्टन यांनी मुद्दाम प्रशिक्षित शिक्षक नको म्हटले. प्रशिक्षित शिक्षक मोठ्या माणसांना लहान मुलांसारखे वागवतो. बर्निस रॉबिन्सन ही केस विंचरण्याचा, सजवण्याचा धंदा करणारी बाई त्यांनी निवडली. ती नको नको म्हणत होती. ७ जानेवारी १९५७ च्या रात्री चौदा प्रौढ माणसे त्या मागच्या खोलीत बसली. प्राथमिक शाळेची पुस्तके तिने आणली होती, ती बाजूला ठेवली आणि तिने त्यांनाच विचारले, तुम्हाला काय शिकायचे आहे? कुणाला स्वतःचे नाव लिहायचे होते, कुणाला बायबल वाचायचे होते, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला मालाच्या यादीतून वस्तू मागवायच्या होत्या. तोच अभ्यासक्रम झाला. भिंतीवर तिने मानवी हक्कांचा जाहीरनामा लावला होता.

हे वाचताना मला माझी आई आठवली. आमच्या वस्तीच्या समाजमंदिरात साक्षरतेचा वर्ग निघाला होता. शिकवायला येणारा गृहस्थ खुर्चीवर बसायचा, बाया जमिनीवर. 'कमळ बघ' गिरवून घ्यायचा, हजेरीवर सह्या घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत निघून जायचा. काही महिन्यांत वर्ग बंद पडला, कागदावर मात्र आम्ही सगळे साक्षर झालो. आईला कमळ वाचायचे नव्हतेच. तिला एस.टी.वरची पाटी वाचायची होती, कारण चुकीच्या गाडीत बसून ती दोनदा भलत्याच गावी उतरली होती. तुला काय शिकायचंय, असे तिला कुणी विचारले नाही.

हायलँडरचे पुढे काय झाले? १९६१ साली टेनेसी राज्याने शाळेची मान्यता रद्द करून मालमत्ता जप्त केली. आरोपांपैकी एक होता परवान्याशिवाय बिअर विकल्याचा. काळे-गोरे एकत्र बसतात हे दुखणे आणि बिअर हे निमित्त. अशी निमित्ते आपण पुष्कळ पाहिली आहेत. शाळा दुसरे नाव घेऊन पुन्हा उभी राहिली. नागरिकत्वाचे वर्ग मात्र तोवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेकडे सोपवले गेले होते आणि शिक्षकांचे प्रशिक्षण जॉर्जियातल्या डॉर्चेस्टर केंद्रात सुरू झाले. ही जागा म्हणजे त्याच अमेरिकन मिशनरी असोसिएशनची एके काळची काळ्यांची शाळा! सेप्टिमा क्लार्क, डोरोथी कॉटन, अँड्र्यू यंग यांनी तिथे गावोगावचे शेतमजूर, धोबिणी, न्हावी यांना शिकवून परत आपापल्या गावी शिक्षक म्हणून पाठवले. विन्सेंटच्या शिबिरातही हेच घडत होते : शिक्षकाला बोलवा, तयार करा, परत पाठवा. फरक एवढाच की इथे शिक्षक वस्तीच्या बाहेरचा नव्हता.

मैदानाविषयीही दोन शब्द. हॅरिएट टबमन ही गुलाम बाई लिहू-वाचू शकत नव्हती. बापाबरोबर लाकूडतोडीच्या कामावर राहून तिला रान कळले होते. स्वतः पळून मुक्त झाल्यावर ती सुमारे तेरा वेळा परत गेली आणि रात्रीच्या अंधारात, ध्रुवताऱ्याच्या रोखाने, दलदलीतून सत्तरेक माणसे सोडवून आणली. तिच्याइतका मैदानी नेता कोणत्या अभ्यासक्रमाने घडवला? आणि तिच्या नातवंडांच्या वाट्याला काय आले? व्हर्जिनियातल्या शेनांडोह राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली काळ्यांसाठी लुइस माउंटन ही वेगळी तळजागा उघडली. सरकारी पाटीवर तसे लिहिलेले असे. डोंगर तोच, पाणवठा वेगळा. महाडच्या तळ्यानंतर बारा वर्षांनी.

त्याच ब्ल्यू रिज डोंगराच्या पायथ्याशी लिंचबर्ग शहर आहे. तिथल्या जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाने १९५८ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या एकत्र शिक्षणाविरुद्ध प्रवचन केले, १९६७ मध्ये खाजगी ख्रिस्ती शाळा काढली आणि तिचे वर्णन तिथल्या वर्तमानपत्राने गोऱ्या विद्यार्थ्यांची शाळा असे केले. १९७१ मध्ये त्याने जे महाविद्यालय स्थापन केले तेच आजचे लिबर्टी विद्यापीठ. १९८५ पासून व्हिडिओ कॅसेट टपालाने पाठवून ते शिकवू लागले आणि आज एक लाखाहून अधिक विद्यार्थी तिथे ऑनलाइन शिकतात. फॉलवेलने पुढे वर्णभेदाची भूमिका सोडली, काळे विद्यार्थीही तिथे शिकतात, हे सांगितलेच पाहिजे. ह्या वाढीमागे पैशाचे कारणही आहे. निम्म्याहून अधिक शिक्षण दूरस्थ पद्धतीने देणाऱ्या महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना सरकारी मदत व कर्ज मिळू नये असा १९९२ चा अमेरिकन नियम होता, तो २००६ साली उठला. विन्सेंटच्या टपालाने शिकणारा अल्प वर्गणीत शिकत होता. आजचा अमेरिकन विद्यार्थी कर्ज काढून शिकतो.

आपल्याकडेही दूरशिक्षण आहे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. माझ्या ओळखीचे कितीतरी पोलीस शिपाई, अंगणवाडी सेविका त्यातून पदवीधर झाले, तेव्हा दूरशिक्षणाला नाक मुरडणाऱ्या अभिजनांच्या रांगेत मी बसणार नाही. परंतु २०२० च्या टाळेबंदीत मी स्वतः पडद्यावर शिकवले आहे. हजेरीपटातली निम्म्याहून अधिक नावे पडद्यावर उमटलीच नाहीत. एक मुलगी गावामागच्या टेकडीवर चढून, झाडाखाली बसून तास ऐकायची, कारण खाली लहर येत नव्हती. घरात फोन एक, तोही भावाचा. पाऊस आला की तास संपला. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवले. शिकणाऱ्याचा दिवस कसा जातो हे आधी पाहिले आणि घंटा नंतर बसवली.

विद्यार्थ्याला मी फोन केला आणि हे सगळे सांगितले, एवढे लांबलचक नाही. शुल्क किती, ते रुपयांत किती, ही पदवी इथे शिक्षक म्हणून धरतील का हे लेखी विचार, असे म्हणालो. डोंगर चढायला शिकवणारा गुरू कुठे भेटणार, हेही विचार. तो म्हणाला, "सर, शुल्क विचारलं. वर्षाच्या पगारापेक्षा जास्त आहे." थोडा थांबून त्याने विचारले, "त्या केस विंचरणाऱ्या बाईचं नाव काय म्हणालात?" मी नाव सांगितले. त्याने ते लिहून घेतले. मंडळीच्या आवारातली खोली संध्याकाळी रिकामी असते, असे तो म्हणाला. वस्तीतल्या बायांना मोबाइलवरून बँकेचा हिशेब पाहायला शिकायचे आहे, त्या कधीपासून त्याच्या मागे लागल्या आहेत.